जाळं सांधलं तरी गाठी दिसतात

यावल तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. नाव छापू नका असं त्यांनी बजावलं आहे, म्हणून मजकूर थोडक्यात सांगतो. गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला वादळ आलं आणि काढणीला आलेली दीड एकर केळी एका रात्रीत आडवी झाली. पोळ्याला थोडे दिवस उरले असताना मालकांना कावीळ झाली, अकराव्या दिवशी ते गेले. मुलगा बारावीला आहे, मुलगी आठवीत. सोसायटीचं कर्ज आहे, दवाखान्यासाठी घेतलेले उसने पैसे आहेत. दीर म्हणतात, बाईमाणसाला केळी झेपत नाही, जमीन आमच्याकडे द्या. चर्चच्या मंडळीतले लोक म्हणतात, पवित्र शास्त्रातल्या ईयोबाचं सगळं गेलं आणि शेवटी त्याला दुप्पट मिळालं, तसं तुम्हालाही मिळेल. बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने पाच हजार रुपयांचं 'विश्वासाचं बी' पेरायला सांगितलं आहे. त्या लिहितात: "उपासनेत गीत सुरू झालं की माझा घसा बंद होतो. लोक म्हणतात, हिचा विश्वास गेला. सासूबाई नेहमी म्हणायच्या, देव आपल्याला सोडत नाही. आता रात्री मीच विचारते, देव माले इसरी गया का? देव विश्वासू आहे हे मी कशावरून धरू? आणि जे गेलं ते तो परत देणार आहे का?"

ताई, ख्रिस्तात सलाम.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे त्याच्यावर टेकले आहेत. जे गेलं ते जसंच्या तसं परत येत नाही. मालक संध्याकाळी शेतातून येऊन ओट्यावर चपला काढणार नाहीत. हे तुम्हाला माहीत आहेच, पण तुमच्याभोवतीचे लोक ते मोठ्याने म्हणू देत नाहीत असं पत्रावरून दिसतं. म्हणून मी म्हणतो. देवाच्या विश्वासूपणाबद्दल पुढे जे काही लिहीन ते या गोष्टीला बगल देऊन लिहिणार नाही.

आता ते 'दुप्पट' एकदा मोजून बघू. सुरुवातीला ईयोबाची मेंढरं ७,०००, शेवटी १४,०००. उंट ३,०००, ते झाले ६,०००. बैलांच्या ५०० जोड्यांच्या १,००० झाल्या, ५०० गाढवींच्या १,०००. इथपर्यंत हिशेब बरोबर आहे. पण लेकरं? आधी सात मुलगे आणि तीन मुली होत्या. शेवटच्या अध्यायातही सात मुलगे आणि तीन मुलीच आहेत. लेकरांचं दुप्पट झालेलं नाही. जनावर मेलं तर दुसरं आणता येतं. लेकराच्या जागी दुसरं लेकरू येत नाही, ते त्याच्या स्वतःच्या जागी येतं. पहिली दहा कधी मोजणीतून बाहेर गेलीच नव्हती, असं मला तो आकडा वाचताना वाटतं. ईयोबाची बायको त्या दहा जणांना विसरली असेल असं समजणाऱ्याने कुठल्याही आईला विचारून बघावं.

त्याच अध्यायातल्या दोन गोष्टी आपण उपदेशात सहसा सांगत नाही. एक ही, की देव ईयोबाच्या मित्रांवर रागावला. तुझं काहीतरी चुकलं असेल म्हणून हे झालं, असं सांगत ते बसले होते. देवाने त्यांना सांगितलं की तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. आणि ईयोब काय बोलला होता? जन्माचा दिवस जळो म्हणाला होता. देवा, माझ्याशी समोरासमोर बोल, म्हणाला होता. तुमच्या 'इसरी गया का' पेक्षा कितीतरी कडू बोलला होता. तरी देवाने त्याचीच बाजू घेतली.

दुसरी गोष्ट अकराव्या वचनात आहे. ईयोबाचे भाऊ, बहिणी, ओळखीचे सगळे त्याच्या घरी आले, त्याच्याबरोबर जेवले, त्याचं सांत्वन केलं, आणि प्रत्येकाने त्याला एकेक नाणं आणि सोन्याची एकेक अंगठी दिली. म्हणजे त्याच्या घराची घडी पुन्हा बसली ती लोकांच्या हातांनी. तुम्हाला ईयोबाचं दुप्पट ऐकवणाऱ्यांपैकी कोण घरी येऊन जेवलं? मुलाच्या फीचं कोणी विचारलं? हा प्रश्न तुम्ही विचारू नका, तो माझा आहे, आणि तुमच्या मंडळीच्या कारभारी वडीलजनांना मी तो वेगळ्या पत्राने विचारणार आहे. अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं ही शुद्ध भक्ती, असं याकोबाच्या पत्रात लिहिलं आहे. त्यात गाणं किती मोठ्याने म्हटलं याचा उल्लेख नाही.

ते पाच हजार देऊ नका. दान हे कृतज्ञतेचं असतं, देवाशी केलेला सौदा नसतो. तो प्रचारक तुम्हाला विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे तिने दान केलेल्या दोन बारीक नाण्यांची, गोष्ट सांगेल. ती मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात आहे. तिच्या अगदी वरची ओळ त्याला वाचायला लावा. तिथे येशू म्हणतो की विधवांची घरं गिळणाऱ्या आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांना अधिक शिक्षा होईल. त्या पैशांतून मुलाची फी भरा.

एक गोष्ट मला स्वतःबद्दल सांगायची आहे. तीस वर्षांपूर्वी मी चर्चचा नवा पाळक होतो. चोपड्याकडच्या एका वस्तीवर सहा वर्षांचा मुलगा गेला, साप चावून. मी सायकलने गेलो. सगळ्यांसमोर त्याच्या आईला म्हणालो, देवाला आपल्या बागेत हे फूल हवं होतं. मला ते सांत्वन वाटलं होतं. ती माउली काही बोलली नाही. कापूस वेचताना उठून आली होती, लुगड्याला सरकी चिकटली होती, ती एकेक काढत बसली. पुढे वर्षभराने एका लग्नात भेटली तेव्हा म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही नुसते बसला असतात तरी चाललं असतं." मी तिची माफी मागितली. ईयोबाचे मित्रही पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले होते, एक शब्द न बोलता. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेवढंच. तेव्हापासून मृत्यूच्या घरी मी आधी बसतो. तुम्हाला लिहायलाही नऊ दिवस लावले ते यासाठीच.

आता, कशावरून धरू, हा प्रश्न. देवाच्या विश्वासूपणाचं जे वचन आपण कॅलेंडरवर छापतो, त्याची दया दररोज सकाळी नवी होते आणि त्याचं विश्वासूपण थोर आहे, ते कुठलं आहे आठवतं? विलापगीताचं. यरुशलेम जळून खाक झालेलं आहे, मंदिर पडलं आहे, रस्त्यांवर उपाशी लेकरं पडली आहेत, आणि त्या राखेत बसून कोणीतरी ते लिहिलं. पाच अध्यायांच्या पुस्तकाच्या बरोबर मधल्या अध्यायात ते वचन येतं. त्याच्यानंतर पुन्हा रडणंच आहे. पुस्तक संपतं तेही एका प्रश्नावर, की देवा, तू आम्हाला अगदीच टाकून दिलं आहेस का? तुमच्या सासूबाईंचं वाक्य आणि तुमचं रात्रीचं वाक्य, दोन्ही त्याच एका पुस्तकात शेजारी शेजारी आहेत. पवित्र शास्त्राने त्यातलं एकही खोडलेलं नाही.

आणि 'दररोज सकाळी' म्हटलं आहे हेही बघा. रानात इस्राएल लोकांसाठी मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, पडायचा तोही त्या दिवसापुरता, साठवला तर किडे पडायचे. पुढच्या दहा वर्षांचं बळ तुम्हाला आज जाणवत नसेल तर तो तुमच्या विश्वासाचा दोष नव्हे. तेवढं एकदम कोणालाच मिळत नाही. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या वाराच्या, आदल्या दिवशी दोन दिवसांचं मिळायचं, ते तेवढंच.

तुम्ही 'धरू' असं लिहिलं आहे. पौलाने तीमथ्याला लिहिलं की आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, कारण त्याला स्वतःला नाकारता येत नाही. ज्या रात्री तुमच्या हातून सुटतं त्या रात्रीसाठी ते वाक्य आहे. वधस्तंभावर येशूने बाविसाव्या स्तोत्राचीच ओळ उच्चारली: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केला? आपण ज्याच्या नावाने बाप्तिस्मा घेतला त्याच्या तोंडी हा प्रश्न होता. मग तो तुमच्या तोंडी आला तर तुमचा विश्वास गेला असं म्हणणाऱ्याने आधी त्या वधस्तंभाखाली जाऊन उभं राहावं.

गाणं येत नसेल तर गाऊ नका. स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र अंधारावर संपतं, त्यात शेवटी आशेची ओळ जोडलेली नाही, आणि तरीही ते मंदिरात गायचं स्तोत्र होतं. घरी तेच वाचा, रोज वाचलं तरी चालेल. रविवारी मात्र जाऊन बसा. कफर्णहूमात चौघांनी एका पक्षाघाती माणसाला छप्पर उघडून खाली सोडलं तेव्हा येशूने त्यांचा विश्वास पाहिला असं लिहिलं आहे. बाजेवर पडलेल्या त्या माणसाच्या स्वतःच्या विश्वासाबद्दल वेगळं काही म्हटलेलं नाही. सध्या तुम्ही बाजेवर आहात. चार कोपरे दुसऱ्यांनी धरायचे आहेत.

'पुनःस्थापना' हा शब्द आपल्या सभांमध्ये फार वापरतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की गेलेलं सगळं एके दिवशी दारात येऊन उभं राहणार. येशूचा शिष्य पेत्र याने आपल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहिलं की थोडा वेळ दुःख सोसल्यावर सर्व कृपेचा देव स्वतः तुम्हाला पूर्ण करील, स्थिर करील, बळ देईल. तिथे 'पूर्ण करील' यासाठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, कातार्तिझो, तेच मार्काच्या पहिल्या अध्यायात जब्दीचे मुलगे तारवात, म्हणजे होडीत, बसून जाळी नीट करत होते तिथे आहे. पेत्र जन्माचा कोळी. त्याच्या हाताला तो शब्द ठाऊक होता.

हतनूरच्या पाण्यालगत एका म्हाताऱ्या भोईबाबांना मी जाळं सांधताना तासभर बघितलं आहे. जाळ्याची एक कड त्यांनी पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून धरली होती. मला वाटलं आता सुईने भोक विणायला घेतील. त्यांनी आधी ब्लेड घेतलं आणि फाटलेल्या जागेभोवतीचे लोंबणारे धागे कापून टाकले. भोक वीतभर होतं, ते हातभर झालं. मी विचारलं, हे तर वाढवलंत? म्हणाले, सडलेल्या धाग्याला गाठ मारली तर ती टिकत नाही. मग बांबूच्या सुईने एकेक घर, एकेक गाठ. मापासाठी बोटं घालून बघायचे. नव्या नायलॉनचा रंग जुन्याशी जुळत नव्हता, लांबूनही ती जागा ओळखू येत होती. आज पाण्यात सोडणार का, विचारलं तर मान हलवली. घाई केली तर उद्या पुन्हा इथेच बसावं लागेल, म्हणाले.

ताई, तुमचं भोक सध्या वाढत चाललं आहे असं तुम्हाला वाटतं. पहिल्या महिन्यांत होतं त्यापेक्षा आता जास्त दुखतं असं तुम्ही तिसऱ्या पानावर लिहिलं आहे, आणि त्याची तुम्हाला भीती वाटते. पुष्कळ विधवा बहिणींनी मला हेच सांगितलं आहे. पहिल्या वर्षात माणसं येत-जात असतात, कागदपत्रं असतात. दुसऱ्या वर्षी घर रिकामं दिसायला लागतं. यावरून देव दूर गेला असा अर्थ काढू नका.

पेत्राला स्वतःला कसं सांधलं तेही बघण्यासारखं आहे. मुख्य याजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवाशी शेकत त्याने येशूला तीनदा नाकारलं. पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी येशूने त्याला बोलावलं तेव्हाही तिथे कोळशाचा विस्तव होता, वर मासळी आणि भाकर. नव्या करारात तो कोळशाच्या विस्तवाचा शब्द या दोनच ठिकाणी येतो. येशूने त्याला ती रात्र विसरायला सांगितलं नाही. त्याच वासात बसवून आधी खायला घातलं, आणि मग तीनदा विचारलं, तू माझ्यावर प्रेम करतोस का? वर हेही सांगितलं की म्हातारपणी तुला नको तिथे नेतील. सांधलं गेल्यावरही पेत्राचं पुढचं दुःख टळलं नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांत पंडिता रमाबाईंचं बघा. आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. यांतलं एकही माणूस त्यांना परत मिळालं नाही. पण दुष्काळात उपाशी फिरलेल्या त्या मुलीने पुढे केडगावला दुष्काळातल्याच शेकडो मुलींना जेवू घातलं. मनोरमेच्या जाण्याची भरपाई त्यात झाली असं मी कधी म्हणणार नाही. देवाने त्या फाटलेल्या आयुष्यातून काम करून घेतलं एवढं मात्र दिसतं.

तुमच्या केळीबद्दल. वादळाने खोडं आडवी झाली तरी कंद जमिनीत होता, आणि मुलाने त्यावरची चांगली पिलं राखून पिलबाग धरली असं तुम्ही लिहिलं आहे. ती ओळ वाचून मी उठून उभा राहिलो. ईयोबाच्या चौदाव्या अध्यायात हेच आहे: झाड तोडलं तरी त्याला आशा असते, पाण्याच्या वासाने ते पुन्हा फुटतं. पण तिथेच थांबलो तर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. ईयोब पुढे म्हणतो, माणसाचं तसं नाही, माणूस मरतो आणि पडून राहतो. पिलबागेने मालकांची जागा भरत नाही. त्या ओळीला उत्तर मिळायला येशूची रिकामी कबर यावी लागली. मालक ख्रिस्तात गेले, तर त्यांची तुमची गाठ पडणार आहे. मी हे दुःख बोथट करायला सांगत नाही, मला हे खरं वाटतं म्हणून सांगतो. आणि जो उठला त्याने आपल्या शिष्याला, थोमाला, हातांचे आणि कुशीचे व्रण दाखवले. उठलेल्या देहावरही ते होते. तुमच्या गाठी पुढे कोणाला दिसल्या तर लाजू नका.

जमिनीचं पटकन सांगतो. मालकांनी मृत्युपत्र केलं नसेल तर आपल्या ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. मालकांच्या हिश्श्याची जी जमीन आहे तिचा एक तृतीयांश पत्नीला, उरलेली दोन तृतीयांश मुलांना सारखी, मुलगा-मुलगी भेद नाही. मुलं असताना त्या हिश्श्यात दिरांचा वाटा नाही. तुमचं कुटुंब आदिवासी समाजातलं असेल तर नियम वेगळे असू शकतात, आधी वकिलाला विचारा. सातबारावर वारस नोंद झाली नसेल तर मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कोऱ्या कागदावर सही करू नका, घरातल्यांनी मागितली तरी. न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाणाऱ्या विधवेची गोष्ट येशूने प्रार्थनेसाठी सांगितली, पण ती बाई प्रत्यक्षात कचेरीतच जात होती हेही लक्षात ठेवा. दिरांशी भांडू नका, त्यांना कागद दाखवा.

सकाळी शास्त्र उघडवत नाही असं लिहिलंत. मग उघडू नका. चहा ठेवाल तेव्हा एवढंच म्हणा, प्रभू, आजचं दे. पुढचं सुचलं तर बोला, नाही सुचलं तर चहा घ्या.

मी दर बुधवारी पहाटे पत्रांतली नावं घेऊन प्रार्थना करतो. तुमचं आणि मुलाचं वहीत लिहून घेतलं आहे. मुलीचं नाव चारही पानांत कुठे आलं नाही, नुसतं 'आठवीतली' असं आहे. पुढच्या पत्रात ते कळवा.